चार पौंडांची नोकरी आणि सही नसलेलं लेखन

माझा पीएचडीचा विषय सांगितला की बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न येतो. "जाहिरातींचा इतिहास? त्यात कसला आलाय इतिहास?" अशा वेळी मी समोरच्याला घरातला एखादा जुना दिवाळी अंक काढायला सांगते. तुम्हीही काढा. अनुक्रमणिका बघा. कथा कोणाची, कविता कोणाची, व्यंगचित्रं कोणाची, मुखपृष्ठ कोणाचं, सगळ्यांची नावं आहेत. आता साबणाच्या किंवा बँकेच्या जाहिरातीचं पान उघडा. तिथलाही मजकूर कोणीतरी शब्द न् शब्द तोलून लिहिलाय. कदाचित शेजारच्या पानावरच्या कवितेपेक्षा जास्त वेळ घालवून लिहिलाय. पण नाव? नाही.

माझं संशोधन या नाव नसलेल्या लोकांबद्दल आहे, म्हणजे कॉपीरायटर मंडळींबद्दल. यातली मोठी अडचण अशी की मजकूर उरतो आणि माणूस हरवतो. जाहिरात समोर असते, पण ती लिहिणाऱ्याचा त्या शब्दांवर विश्वास होता का, लाज वाटत होती का, की मजा येत होती, हे त्या पानावरून कळायला मार्ग नसतो. म्हणून मी अशा लोकांच्या मागे लागते ज्यांनी दिवसा बिनसहीचं लिहिलं आणि रात्री सही करून. असे लोक कमी नाहीत. आपले किरण नगरकर कितीतरी वर्षं जाहिरात क्षेत्रात होते. सलमान रश्दी लंडनमध्ये कॉपीरायटर होते. पण आज मी तुम्हाला त्यांच्याही आधीच्या एका बाईंची गोष्ट सांगणार आहे, कारण दोन्ही टेबलांवरची त्यांची कागदपत्रं बऱ्यापैकी शिल्लक आहेत. त्यांचं नाव डोरोथी एल. सेयर्स. इंग्रजी रहस्यकथा वाचणाऱ्यांना त्या लॉर्ड पीटर विम्झी या हौशी गुप्तहेराच्या जनक म्हणून माहीत असतील. (सूचना: 'मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज' या कादंबरीचं रहस्य पुढे अर्धंमुर्धं फुटणार आहे. वाचायची असेल तर आधी ती वाचून या, मी थांबते.)

कवयित्री नोकरी शोधते

सेयर्सबाईंचा जन्म १८९३ चा, ऑक्सफर्डचा. वडील धर्मगुरू. १९१२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात गेल्या आणि १९१५ मध्ये फ्रेंच घेऊन पहिल्या वर्गात आल्या. पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना परीक्षा देऊ द्यायचं, पदवी द्यायचं नाही. ती मिळायला १९२० चा ऑक्टोबर उजाडला. पदवी घेणाऱ्या पहिल्या बायकांच्या तुकडीत त्या होत्या.

त्यांची पहिली दोन पुस्तकं कवितांची आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 'ओपस वन' १९१६ मध्ये आणि 'कॅथलिक टेल्स अँड ख्रिश्चन साँग्ज' १९१८ मध्ये. म्हणजे या बाई मुळात कवयित्री. पण कवितेवर पोट कोणाचं भरलंय? त्यांनी हल शहरात मुलींच्या शाळेत शिकवलं, ऑक्सफर्डमध्ये ब्लॅकवेल या प्रकाशकाकडे काम केलं, वर्षभर फ्रान्समधल्या एका शाळेत नोकरी केली, मग लंडनला येऊन तात्पुरती शिकवण्याची आणि भाषांतराची कामं केली. याच ओढाताणीच्या काळात लॉर्ड पीटर जन्माला आला. बाईंनी पुढे स्वतःच गमतीने लिहून ठेवलंय, की आपल्या भाड्याच्या खोलीचा वैताग आला की त्या पीटरला पिकॅडिलीत आलिशान फ्लॅट घेऊन द्यायच्या, आपली स्वस्तातली सतरंजी फाटली की त्याच्यासाठी भारी गालिचा मागवायच्या आणि बसभाड्याला पैसे नसले की त्याला डेमलर गाडी द्यायच्या. कादंबरीत खर्च करायला पैसे लागत नाहीत!

हा विनोद लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

१९२२ च्या मे महिन्यात त्यांना एस. एच. बेन्सन या जाहिरात कंपनीत कॉपीरायटर म्हणून घेतलं. सुरुवातीला चाचणी म्हणून, आठवड्याला चार पौंडांवर. कचेरी किंग्सवेवर. बाई राहायच्या ग्रेट जेम्स स्ट्रीटला, म्हणजे चालत जाण्यासारखं अंतर. ही नोकरी त्यांनी नऊ वर्षं केली.

बेन्सनमध्ये नेमकं काय करायच्या?

१८९३ मध्ये सुरू झालेली बेन्सन ही तेव्हाची मोठी एजन्सी. 'बोव्हरिल' हा गोमांसाचा अर्क, 'कोलमन्स'ची मोहरी, पुढे 'गिनेस' बिअर हे तिचे ग्राहक. एजन्सीचं काम आजच्यासारखंच चालायचं. ग्राहकाशी बोलणारे वेगळे, मजकूर लिहिणारे वेगळे, चित्रं काढणारे वेगळे. मथळा लिहायचा, तो वरिष्ठांना दाखवायचा, मग ग्राहकाला दाखवायचा, ग्राहकाने त्यात स्वतःचा एक शब्द घुसडायचा, वाक्य बिघडायचं, की पुन्हा लिहायचं. जाहिरातीत काम केलेले वाचक इथे उसासा टाकतील.

बाईंचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे १९२६ मध्ये सुरू झालेला 'मस्टर्ड क्लब'. कोलमन्सला मोहरी विकायची होती. मोहरीबद्दल नवीन काय सांगणार? बेन्सनच्या मंडळींनी एक काल्पनिक क्लब काढला. त्याला पदाधिकारी दिले, बॅरन द बीफ, लॉर्ड बेकन, मिस डाय जेस्टर. हे शेवटचं नाव भराभर म्हणून बघा, 'डायजेस्ट' ऐकू येईल, म्हणजे पचन. बसवर आणि भिंतींवर एकच प्रश्न झळकायला लागला, की तुम्ही मस्टर्ड क्लबचे सभासद झालात का? लोक सभासद व्हायला खरंच पत्रं पाठवू लागले. मग बिल्ले निघाले, पाककृतींची पुस्तिका निघाली. त्या पुस्तिकेला खवय्या नवऱ्याची मदत झाली. बाईंचं लग्न त्याच वर्षीचं.

आता ही मोहीम रहस्यकथेच्या शेजारी ठेवून बघा. पात्रं आहेत, त्यांचे स्वभाव आहेत, पुढच्या भागात काय होणार याची उत्सुकता आहे. म्हणजे कादंबरीचं कौशल्य दिवसा मोहरीला लागत होतं. आणि कविता? ती यमकांमध्ये होती. गिनेसच्या टूकन पक्ष्याचं चित्र तुम्ही कुठल्या ना कुठल्या बारच्या भिंतीवर पाहिलं असेल. १९३५ ची ती जाहिरात, चित्र जॉन गिलरॉय यांचं. त्याखालच्या चार ओळी सेयर्सबाईंच्या नावावर सांगितल्या जातात. तोवर त्यांनी नोकरी सोडली होती, पण जुनी ओळख होती. टूकन या नावाच्या उच्चारावर केलेली ती कोटी आहे. सही अर्थातच नाही.

रात्रीचं टेबल

'हूज बॉडी?' ही पहिली कादंबरी १९२३ मध्ये आली. पुढे १९३१ पर्यंत आणखी सहा आल्या. त्यातली एक सहलेखकाबरोबर. शिवाय लॉर्ड पीटरच्या कथांचा संग्रह, रहस्यकथांचं एक जाडजूड संपादन, आणि १९२९ मध्ये ट्रिस्टनच्या मध्ययुगीन फ्रेंच काव्याचं भाषांतर. हे सगळं पूर्णवेळ नोकरी सांभाळून.

इतकं का लिहिलं, याचं एक उत्तर आवड हे आहेच. दुसरं उत्तर १९७५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, चरित्र छापून आल्यावर लोकांना कळलं. ३ जानेवारी १९२४ ला बाईंना मुलगा झाला होता. लग्न झालेलं नव्हतं. त्यांनी कचेरीतून आजारपणाची रजा काढली, बाळंतपण उरकलं, बाळ चुलतबहिणीकडे सांभाळायला दिलं आणि पुन्हा टेबलावर येऊन बसल्या. आईवडिलांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. मुलाचा खर्च मात्र त्या देत राहिल्या.

मी हे कागदोपत्री पहिल्यांदा वाचलं तेव्हा १९२४ च्या जाहिरातींकडे बघायची माझी पद्धत बदलली. ताकद देणारं पेय घ्या, तरतरीत राहा, घरात आनंद नांदवा, असला मजकूर त्या काळात रोज छापला जात होता. तो कोणत्या हातांनी लिहिला जात होता? इतिहास शिकताना आपण म्हणतो की जाहिराती 'समाजाचा आरसा' असतात. पण आरशामागे कोण उभं होतं ते आरशात दिसत नाही. 'काय हो ही जाहिरातवाली माणसं, पैशासाठी काहीही लिहितात' असं म्हणणं सोपं आहे. त्या चार पौंडांवर कोणाचं दूध चाललं होतं, हे जाहिरातीखाली लिहिलेलं नसतं.

जाहिरात हेच हत्यार

नोकरी सोडल्यावर दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, बाईंनी त्या कचेरीवरच कादंबरी लिहिली. 'मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज'. पिम्स पब्लिसिटी नावाच्या एजन्सीत एक कॉपीरायटर लोखंडी गोल जिन्यावरून पडून मरतो. त्याच्या जागी नवा माणूस येतो, डेथ ब्रेडन. हा म्हणजे वेषांतर केलेला लॉर्ड पीटर. पगार? आठवड्याला चार पौंड.

इथे संशोधक म्हणून थोडं सावध राहावं लागतं. कादंबरी म्हणजे दस्तऐवज नव्हे. पिम्स म्हणजे बेन्सन असं धरून चालता येत नाही. पण काही गोष्टी बाहेरच्या पुराव्याशी ताडून बघता येतात. बेन्सनच्या कचेरीत तसा लोखंडी गोल जिना होता. चार पौंडांचा पगार बाईंचा स्वतःचा. आणि कादंबरीत सॉमरव्हिलहून आलेली मिस मेटयार्ड नावाची हुशार, तिखट जिभेची कॉपीरायटर आहे, ती कोणावरून बेतली हे सांगायला नको. अशा खुणा जुळल्या की बाकीच्या तपशिलांवर, म्हणजे मथळ्यांवरून होणारी भांडणं, चहाच्या वेळच्या गप्पा, ग्राहकाचा ऐन वेळचा फोन, यांवर मी 'बहुधा असंच असणार' इतपत विश्वास ठेवते. त्यापुढे नाही.

पण मला त्या पुस्तकातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती खुनाचं कारण. एक टोळी लंडनमध्ये कोकेन विकत असते. दर आठवड्याला वाटपाची जागा बदलते, नवा पब. कोणता पब हे टोळीतल्या लोकांना कसं कळणार? न्यूट्रॅक्स नावाच्या नसांच्या टॉनिकची जाहिरात दर आठवड्याला ठरलेल्या वर्तमानपत्रात येते. तिच्या मथळ्याचं पहिलं अक्षर हेच पबच्या नावाचं पहिलं अक्षर. एजन्सीतला फितूर माणूस ते अक्षर आधीच टोळीला कळवतो. लाखो लोक ती जाहिरात वाचतात आणि कोणालाही काही दिसत नाही.

बघा म्हणजे, अमली पदार्थांचा धंदा आणि टॉनिकची जाहिरात एकाच मथळ्यातून चालतात. बाईंनी पुढे म्हटलं होतं, की या पुस्तकात त्यांना दोन कृत्रिम जगं शेजारीशेजारी ठेवायची होती, एक नशेचं आणि एक जाहिरातीचं. दोन्ही ठिकाणी माणसाच्या न भागलेल्या इच्छेवर पैसा उभा राहतो. त्याच कादंबरीत गर्भश्रीमंत पीटरला पहिल्यांदा उमगतं, की जाहिराती त्याच्यासारख्यांसाठी लिहिल्याच जात नाहीत. त्या लिहिल्या जातात कमी पैसेवाल्यांसाठी, ज्यांना थोडं सुख हवं असतं आणि पुरतं परवडत नसतं.

आता तो गालिच्याचा विनोद आठवा. फाटक्या सतरंजीवर बसून दुसऱ्याच्या गालिच्याचं स्वप्न बघणारी बाई, आणि किंग्सवेवर बसून तसल्याच स्वप्नांचे मथळे लिहिणारी बाई, एकच. ज्यांना विकायचं त्यांच्यातलीच ती एक होती. म्हणून तिला ते इतकं छान जमत असावं. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

गंमत अशी, की पुस्तक जाहिरातीचा तिरस्कार करत नाही. पीटर त्या नोकरीत रमतो. सिगरेटच्या कूपनांची अशी काही मोहीम काढतो की सगळा देश कूपनं जमवत फिरायला लागतो. शब्दांची नशा लेखिकेला ओळखीची आहे, हे त्या पानांवर दिसतं.

नरो वा कुंजरो वा

१९३७ मध्ये 'स्पेक्टेटर' साप्ताहिकात बाईंनी जाहिरातीच्या मानसशास्त्रावर लेख लिहिला. त्यातला मुद्दा मला अख्ख्या प्रबंधात सगळ्यात उपयोगी पडलेला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जाहिरातीत सरळ खोटं बोलणं धोक्याचं असतं, पकडले जाता. म्हणून दोन हत्यारं उरतात, खोटं सुचवायचं आणि खरं दडवायचं. आणि त्यांनी दोष एकट्या लिहिणाऱ्यावर टाकला नाही. वाचणारा भाषेच्या बाबतीत ढिला असेल, वाक्यात नक्की काय म्हटलंय हे तपासायचा त्याला कंटाळा असेल, तर कसबी माणूस त्याला फसवणारच.

आपल्याला हे नवीन नाही. धर्मराजाने 'नरो वा कुंजरो वा' म्हटलं तेव्हा तांत्रिकदृष्ट्या तो खोटं बोलला नव्हता. फक्त शेवटचे शब्द पुटपुटला. आज ते आपण 'अटी लागू' अशा बारीक टायपात वाचतो.

युद्धाच्या काळात बाईंचा सूर कडक झाला. १९४१ च्या एका भाषणात त्यांनी खादाडपणाचं पाप सांगताना, गरज नसलेल्या वस्तू लोकांच्या गळ्यात मारून चालणाऱ्या अर्थव्यवस्थेलाच धारेवर धरलं. १९४२ मध्ये 'काम कशासाठी करायचं' या विषयावर बोलताना म्हणाल्या, की काम चांगलं आहे का हे कामाकडे बघून ठरवा, नुसत्या पगाराकडे बघून नको. हे त्या बाहेरून सांगत नव्हत्या. नऊ वर्षं आत बसून आल्या होत्या.

मग कवितेचं काय झालं? तरुणपणी दोन संग्रह काढणारी कवयित्री मोहरीत विरघळली का? १९४४ मध्ये, लंडनवर उडते बाँब पडत असताना, त्यांनी दान्तेचं 'इन्फर्नो' हातात घेतलं आणि त्या झपाटल्या. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी! मूळ इटालियन काव्यातल्या तीन-तीन ओळींच्या गुंफलेल्या यमकांसकट त्यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर करायला घेतलं. पेंग्विनने पहिला भाग १९४९ मध्ये छापला, दुसरा १९५५ मध्ये. तिसरा, स्वर्गाचा, अर्धा राहिला. १७ डिसेंबर १९५७ ला त्या वारल्या. तो त्यांच्या मैत्रीण बार्बरा रेनल्ड्स यांनी पुरा केला आणि १९६२ मध्ये आला.

अशा लेखकांबद्दल दोन ठरावीक गोष्टी सांगितल्या जातात. एक, की नोकरीने लेखणी बोथट केली, वर्षं वाया गेली. दोन, की नोकरीनेच लेखणी घासली, कमी शब्दांत लिहायला शिकवलं. सेयर्सबाईंची कागदपत्रं वाचून मला दोन्ही पटत नाहीत. वाया गेली म्हणावं तर सात कादंबऱ्या समोर आहेत. तालीम म्हणावं तर, दान्ते कोणी मोहरीच्या जोरावर करत नाही. त्यांनी त्या नोकरीतून नेलेली वस्तू वेगळी होती. शब्द माणसाला कसा फसवतो याची आतली माहिती. ती त्यांनी लपवली नाही, आधी कादंबरीत आणि मग लेखात, सही करून सगळ्यांना सांगून टाकली. बहुतेक कॉपीरायटर ती बरोबर घेऊन जातात, आणि माझ्यासारखीला नुसत्या जाहिराती उरतात.

आणि माझे पाच मिनिटं

मुंबईशी याचा एक धागा आहे. १९४८ मध्ये डेव्हिड ओगिल्वी यांनी न्यूयॉर्कला एजन्सी काढली तेव्हा तिला लंडनच्या दोन एजन्सींचा आधार होता. त्यातली एक बेन्सन. म्हणून नाव पडलं ओगिल्वी, बेन्सन अँड मेदर. मुंबईच्या जाहिरात धंद्यातली जुनी मंडळी 'ओबीएम' म्हणतात ना, त्यातला 'बी' म्हणजे तोच किंग्सवेवरचा बेन्सन.

दुसरा धागा माझा स्वतःचा. फेलोशिपचे पैसे कधी येतील याचा नेम नसतो, त्यामुळे मी अधूनमधून बिल्डरांची माहितीपत्रकं लिहून देते. मागच्या वर्षी एका गृहप्रकल्पासाठी मला सांगण्यात आलं, "स्टेशनपासून पाच मिनिटं, असं टाका." मी एका दुपारी चालत गेले. बावीस मिनिटं लागली. तसं सांगितल्यावर उत्तर आलं, "मॅडम, गाडीने हो!" मी 'गाडीने' हा शब्द घालून मजकूर पाठवला. छापून आलं तेव्हा तो शब्द गेला होता. पैसे मात्र वेळेवर आले, आणि त्यातून त्या महिन्याचं खोलीभाडं गेलं.

त्या माहितीपत्रकावर माझं नाव नाही. शंभर वर्षांनी एखाद्या संशोधकाला ते सापडलं, तर ती लिहील की त्या काळातले कॉपीरायटर सर्रास खोटं लिहायचे. तिला ती बावीस मिनिटं दिसणार नाहीत आणि भाडंही दिसणार नाही. म्हणून इथे लिहून ठेवलं.

तुमच्या घरी जुने दिवाळी अंक असतील तर रद्दीत देण्याआधी जाहिरातींची पानं जरा निवांत वाचा. नक्की काय म्हटलंय, काय नुसतं सुचवलंय आणि कोणता शब्द गळलाय, ते शोधा. आणि घरातल्या कोणी असा मजकूर कधी लिहिला असेल, तर त्यांना आत्ताच विचारून घ्या.